होला म्हणजे पारव्याचे पिल्लू नव्हे

मा. संपादक,
सादर नमस्कार.

कालच्या अंकातील कबुतरांच्या उपद्रवावरचा लेख वाचला. लेखाविषयी माझी तक्रार नाही. कबुतरांना दाणे टाकणे बंद व्हावे म्हणून मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडल्यापासून पारव्यांच्या विष्ठेवर लिहिणे हा सर्वच वृत्तपत्रांचा नित्यनेम झाला आहे, आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना घातक ठरते हे खरेच आहे. तक्रार आहे ती सोबतच्या छायाचित्राखालील ओळीविषयी. ‘खिडकीत बस्तान मांडलेले पारव्याचे पिल्लू’ असे आपण ज्याच्याखाली छापले आहे, तो पूर्ण वाढ झालेला, एव्हाना चार-दोन वेळा बाप झालेला होला आहे, म्हणजे कबुतरांच्याच कुळातला पण पारव्याहून लहान असा वेगळा पक्षी. (नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखीच असल्यामुळे तो बाप की आई हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तेवढी सावधगिरी आपल्या कार्यालयातही बाळगली गेली असती, तर हे पत्र लिहावे लागले नसते.)

बत्तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. आपल्या छायाचित्रातल्या पक्ष्याच्या गळ्याखाली तांबूस पट्ट्यावर काळ्या ठिपक्यांची नक्षी आहे, आणि ती वृत्तपत्राच्या कागदावरही स्वच्छ उमटली आहे. ही छोट्या तपकिरी होल्याची खूण, पारव्याला ती कोणत्याही वयात नसते. पारव्याचे पिल्लू कोवळे असताना पिवळ्या लवेने माखलेले आणि अंगाच्या मानाने थोराड चोचीचे असते, ते असे ऐटीत खिडकीत येऊन बसत नाही. मानेमागे काळी अर्धी पट्टी असेल तर तो पठाणी होला, मानेवर काळ्या पदरावर पांढरे ठिपके असतील तर ठिपकेवाला होला. तिन्ही नागपुरात दिसतात, आणि सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरायला जाणारे कितीतरी लोक त्यांना ओळखतात.

आता या एका ओळीने काय झाले ते सांगते. सकाळी दहाच्या आत आपले कात्रण आमच्या सोसायटीच्या फलकावर लागले. आम्ही दोघे बँकेत गेलो असताना सफाई करणाऱ्या मुलाच्या हाती बांबू देण्यात आला, आणि जिन्याकडच्या आमच्या कूलरच्या पत्र्यावर असलेले होल्याचे घरटे खाली आले. घरटे म्हणजे तरी काय, खराट्याच्या पंधरा-वीस काड्या आणि एक गंजकी तार. खालून पाहिले तर काड्यांच्या फटीतून अंडी दिसावीत इतके विरळ. परत आलो तेव्हा दोनपैकी एक अंडे फरशीवर फुटलेले होते, दुसरे सापडलेच नाही. होल्यांमध्ये दिवसा बहुतेक वेळ नर अंडी उबवतो आणि संध्याकाळी मादी येऊन बसते. काल पाचच्या सुमारास ती आली आणि अंधार पडेपर्यंत त्या रिकाम्या पत्र्यावर बसून राहिली. सचिवांना विचारले तर उत्तर मिळाले, ‘मॅडम, पेपरात आले आहे.’ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणे येते, हे मी त्यांना सांगितले. पण आपल्या छायाचित्रापुढे संसदेच्या कायद्याचे वजन कमी पडले.

याच कूलरवर तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ताट्या बदलायला गेलो, तेव्हा अशीच दोन पांढरी अंडी दिसली होती. पारा ४३ वर असताना कूलर न लावता राहणे म्हणजे काय, हे नागपूरकर वाचकांना सांगायला नको. यजमान ओला पंचा खांद्यावर टाकून सत्तावीस दिवस माझ्यावर चिडचिड करत होते आणि दर तासाला तेच पडदा सरकवून पाहत होते. दुपारी उबवण्यापेक्षा सावली धरणेच महत्त्वाचे असावे, कारण पक्षी पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून अंड्यांवर नुसता उभा राही. पिल्ले निघाल्यावर पहिले काही दिवस आई-बाप दोघेही त्यांना आपल्या अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा दाट पदार्थ भरवतात. कबुतरांच्या कुळाखेरीज रोहित (फ्लेमिंगो) पक्षी आणि एम्परर पेंग्विनचा नर यांनाच ही सोय आहे. चोचीत चोच खुपसून पिल्ले ते ओरबाडत, तेव्हा बापाची मान पंपाच्या दांड्यासारखी वरखाली होई. आम्ही ठेवलेल्या परळातले पाणी साळुंक्या घोट घेऊन, मान वर करून पीत. होला मात्र चोच बुडवून एका दमात पिऊन मोकळा होई. एरवी तो अंगणात सांडलेले दाणे टिपतो, जोडीने राहतो आणि दुपारभर खालच्या पट्टीत घुमतो. त्या घुमण्यात इंग्रजांना हसू ऐकू आले आणि त्यांनी त्याला हसरा होला ठरवले. १७६६ मध्ये प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने त्याला सेनेगलचे नाव दिले, आणि १८९८ पासून तो ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्येही नांदतो आहे. इतक्या ठिकाणी ओळख असलेल्या पक्ष्याला आपल्याच शहरातल्या वृत्तपत्राने ओळखू नये!

आणखी एक गोष्ट. त्याच लेखाच्या खाली गॅलरीला कबुतरजाळी बसवून देणाऱ्याची जाहिरात होती. हा योगायोग असेल असे मी सौजन्याने मानते. पण गेल्या पावसाळ्यात मी याच जाळ्यांत पाय अडकून मरणाऱ्या होल्यांविषयी आपल्याला पत्र पाठवले होते. त्यातली पहिली चार वाक्ये ठेवून उरलेली आपण गाळलीत, आणि मी जाळ्यांची भलामण करते आहे असे वाचणाऱ्याला वाटले. शेजारणीने फोन करून माझे अभिनंदन केले. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल हाही याच कुळातला आहे. उद्या तो एखाद्या पिंपळावर फळे खाताना दिसला, तर कृपया ‘हिरव्या कबुतरांचा उच्छाद’ असे शीर्षक देऊ नये.

आज सकाळी कूलरच्या त्याच पत्र्यावर दोन नव्या काड्या आडव्या पडलेल्या दिसल्या. ताट्या बदलणारा माणूस रविवारी येणार होता, त्याला मी नको म्हणून कळवले आहे, आणि यजमानांनी पंचा शोधायला घेतला आहे. आपण खुलासा छापणार असाल, तर तो छायाचित्रासह आणि सोसायटीच्या फलकावर लावल्यास जिन्यातून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर