मॅटिंगची विकेट विसरू नये

महोदय,
आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ साली सुरू झाला. त्यातले विक्रम आठवले जातात. कॉलेजच्या मैदानावर खेळपट्टी म्हणून अंथरली जाणारी काथ्याची मॅट मात्र कुणी आठवत नाही. आदल्या दिवशी पाणी मारून, रोलर फिरवून माती घट्ट करायची. मग मॅटचे एक टोक खिळ्यांनी पक्के करून दुसरीकडून चौघांनी ताणायची आणि कडा ठोकत जायचे. ताण कमी पडला की चुणी राहते आणि तिच्यावर पडलेला चेंडू थेट बरगड्यांत! माती भुसभुशीत असली तर खिळे उपटतात. खिळ्यांच्या बुटांनी काथ्या फाटतो, म्हणून रबरी तळव्यांचेच बूट. चेंडूला उसळी भरपूर, त्यामुळे कट-हूकचे फटके फलंदाजाला यावेच लागत. विद्यापीठांच्या क्रीडाविभागांनी त्या काळच्या धावनोंदवह्या आणि छायाचित्रे रद्दीत न घालता जतन करावीत.

– एक क्रिकेटप्रेमी, पुणे