ओल्या वाळूबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : टचअप किटमधील चुकीच्या मराठी माहितीपत्रकामुळे झालेल्या नुकसानीबाबत

महोदय/महोदया,

आमची लाल गाडी 2009 सालची. रत्नागिरीत घराबाहेर उघड्यावरच उभी असते. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने बॉनेटवरच्या आणि टपावरच्या लॅकरचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, पापुद्रे सुटायला लागले होते. गेल्या वर्षीच आरटीओत नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, त्यामुळे गाडी इतक्यात काढायची नाही. पण अख्खी गाडी रंगवायला पेंटरने 38,000 रुपये सांगितले. तेवढे घालण्यासारखी ती राहिलेली नाही, म्हणून तुमचं 1,499 रुपयांचं किट मागवलं.

काम बाबांनी अंगावर घेतलं. ते एसटीचे निवृत्त चालक. सूचना लिहिलेली असली की ती पाळायची, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. तुमच्या मराठी पत्रकातली तिसरी सूचना अशी आहे : ‘सोललेल्या भागावर ओली वाळू लावा आणि कडांना पंख द्या.’

बाबांनी शेजारच्या बांधकामावरून वाळू आणली, पिठाच्या चाळणीने चाळली (चाळणीचे पैसे मागत नाही), भिजवली आणि फडक्यात घेऊन बॉनेट घासलं. पंखांचं काही कळलं नाही, म्हणून तेवढं सोडून दिलं. पुढे ‘दोन थरांमध्ये 10 मिनिटे फ्लॅश बंद ठेवा’ असं आहे. तेव्हा त्यांनी मोबाइलचा फ्लॅश बंद आहे ना, हे दोनदा पाहिलं. मी घरी पोचले तेव्हा बॉनेटभर ओरखडे होते. बऱ्याच ठिकाणी प्रायमर दिसत होता, दोन ठिकाणी तर पत्राच. त्यावर मारलेला रंग तिसऱ्या दिवशी जुन्या कडांपासून पुन्हा उचलला.

त्याच खोक्यातलं इंग्रजी पत्रक मी नंतर वाचलं. त्यात वाळूचा संबंधच नाही. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा (‘वेट सँड’) आणि लॅकरची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत उतरती करा (‘फेदर’), असं म्हटलंय. फ्लॅशच्या जागी, पहिल्या हातातलं थिनर उडून जाईपर्यंत थांबा (‘फ्लॅश ऑफ’), असं. मुळात हे काम नाजूक. लॅकरचा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. सुटलेली कड तशीच ठेवून वरून रंग मारला तर ती नव्या रंगालाही घेऊन सुटते. एवढं आमच्या गल्लीतल्या पेंटरने दोन वाक्यांत समजावलं.

उरलेल्या रंगाने टपाचं काम मी इंग्रजी पत्रकाप्रमाणे केलं. आधी 600 चा, मग 1000 चा पेपर, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणं, मास्किंग टेप, रंगाचे तीन पातळ हात, वरून लॅकर. पेपर आणि टेप मिळून 160 रुपये लागले. जवळून पाहिलं तर छटा किंचित वेगळी दिसते, पण सोळा वर्षं उन्हात विटलेल्या लाल रंगाला तेवढं चालायचंच. दोन महिने झाले, पापुद्रा सुटलेला नाही. तेव्हा माझी तक्रार तुमच्या रंगाबद्दल नाही.

तक्रार तुमच्या उत्तराबद्दलही आहे. ‘अपघर्षक पदार्थ वापरून उत्पादनाचा गैरवापर केल्याने’ पैसे परत मिळणार नाहीत, असं तुम्ही कळवलंत. तो पदार्थ वापरायला तुमच्याच पत्रकाने सांगितलं होतं. योग्य वापराच्या पुरेशा सूचना न दिल्याने नुकसान झालं तर उत्पादक जबाबदार धरला जातो, असं ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 84 मध्ये आहे. ते एकदा वाचावं.

किटचे 1,499 आणि बॉनेट नव्याने रंगवून घेतल्याचे 4,800, असे एकूण 6,299 रुपये 15 दिवसांत परत करावेत. मराठी पत्रक लगेच मागे घ्यावं आणि नवं पत्रक छापण्याआधी एखाद्या मराठी पेंटरला वाचायला द्यावं. तसं न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. एवढ्या रकमेला तिथे शुल्कही लागत नाही.

सोबत बिलं, बॉनेटचे फोटो आणि दोन्ही पत्रकांच्या प्रती जोडल्या आहेत.

आपली,
एक ग्राहक, रत्नागिरी

ता.क. : उत्तर माझ्या ईमेलवरच पाठवावं. घरच्या नंबरवर फोन करून बाबांना ‘गैरवापर’ हा शब्द पुन्हा ऐकवू नये.