नुसती टेट्रापॉडची संख्या सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लाटरोधक बंधाऱ्याच्या कामाची बातमी आली की ‘इतके हजार टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) टाकले’ एवढाच आकडा छापला जातो. त्यावरून बंधारा टिकेल की नाही, हे कळत नाही.

लाटेपुढे टिकायला ठोकळा किती जड हवा, हे हडसनच्या सूत्राने काढतात. त्यानुसार ठोकळ्याचे वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १:१.५ उतारावर फुटणाऱ्या ४ मीटरच्या लाटेला सुमारे ६ टनांचा टेट्रापॉड पुरतो, ५ मीटरच्या लाटेला मात्र १२ टनांचा लागतो. साधा दगड वापरायचा तर ४ मीटरलाच प्रत्येकी १४ टनांचा हवा, आणि तेवढे मोठे दगड खाणीतून पुरेसे निघत नाहीत. काँक्रीटची घनता घनमीटरला २.४ टनांऐवजी २.३ टन निघाली, तर त्याच लाटेसाठी ठोकळा २० टक्के जड करावा लागतो. साच्यातल्या काँक्रीटच्या नमुन्याची चाचणी म्हणूनच महत्त्वाची. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही!

ठोकळे नुसते मोठे करूनही भागत नाही. वजन आकाराच्या घनाने वाढते, काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद तेवढीच राहते. पोर्तुगालमधील सिनेश बंदरात ४२ टनी डोलॉस (बारीक कमरेचे, एकमेकांत गुंतणारे काँक्रीटचे ठोकळे) होते, सळईविना. फेब्रुवारी १९७८च्या वादळात ते मोठ्या संख्येने मोडले. असा आकार गुंततो चांगला, पण डुलू लागला की तुटतो. सळई घालावी तर खाऱ्या पाण्यात ती गंजते आणि काँक्रीट फोडते.

खरी मेख पायथ्याला आहे. पायथ्याचे दगड वाहून गेले की वरचे सगळे थर घसरतात. म्हणून काम खालून वर चढवायचे. आधी ठोकळ्याच्या साधारण एक दशांश वजनाच्या दगडांचा थर, त्यावर टेट्रापॉडची पहिली रांग तीन पाय खाली ठेवून, दुसरी उलटी, मधल्या फटींत पाय रोवून. क्रेनवाल्याला प्रत्येक ठोकळ्याची जागा आखून दिलेली हवी आणि पाण्याखालची बसवणी पाणबुड्याने तपासायला हवी. फटी बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत करणे, हे सुबक दिसले तरी घातकच. लाटेचा जोर त्या पोकळ्यांतच जिरतो.

यापुढे बातमीत संख्येबरोबर संकल्पित लाटेची (ज्या लाटेसाठी बंधारा आखला तिची) उंची, ठोकळ्याचे वजन, काँक्रीटची घनता आणि पायथ्याची खोली द्यावी. वादळी हंगामानंतर किती ठोकळे हलले, किती मोडले, हेही विचारावे.

आपला,
किनारी बांधकामातील एक अभियंता