रिकाम्या खुर्चीच्या दिवसांत आमचे पाळक झालेल्या साहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

नव्या पाळकांच्या नियुक्तीची उपासना झाली त्या दिवशी फोटोसाठी सगळे तुम्हाला शोधत होते आणि तुम्ही शेवटच्या बाकावरून कधीच निघून गेला होतात. त्यामुळे आभार तोंडावर मानायचे राहून गेले. ते आता सगळ्यांसमोर, उघड पत्रातून मानते.

नवे पाळक मिळेपर्यंतचे हंगामी पाळक म्हणून तुम्ही आलात तेव्हा आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, चिडचिडं झालं होतं. आधीच्या पाळकांनी आमची लग्नं लावली, लेकरांना बाप्तिस्मा दिला, आईवडिलांना माती दिली. ते निवृत्त झाले आणि निरोप समारंभानंतर तिसऱ्याच दिवशी आम्ही निवड समिती बसवली. आपण किती तत्पर, असं वाटत होतं. चिटणीस या नात्याने पत्रव्यवहारही मी लगेच सुरू केला होता.

पहिल्याच रविवारी तुम्ही बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 34 वा अध्याय काढलात. मोशे गेल्यावर इस्राएल लोक मवाबच्या मैदानात 30 दिवस रडले. मोशेच्या जागी आलेल्या यहोशवाने लोकांना घेऊन यार्देन ओलांडली ती त्यानंतर. एवढं सांगून तुम्ही विचारलंत, "आणि तुम्ही?" खरं सांगते, मला राग आला होता. आमचे पाळक चांगले हिंडतेफिरते आहेत, रडायचं कशाला?

मग तुम्ही तीन संध्याकाळी नुसतं ऐकायला बसलात. पहिल्या संध्याकाळी सगळे गोड बोलले. दुसऱ्या संध्याकाळी एक आजोबा उठले. पत्नी अत्यवस्थ असताना पाळक वेळेवर पोहोचले नाहीत, हे त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं. "आणि तरीही तो माणूस मला आठवतो," म्हणाले आणि खाली बसले. तुम्ही ना पाळकांची बाजू घेतलीत, ना आजोबांना समजावलंत. थोडा वेळ शांत राहून प्रार्थना केलीत. मला वाटतं, आमचा निरोप समारंभ खरा त्या दिवशी झाला.

निवड समितीची ती यादी आठवते? नवा पाळक कसा हवा, याचे 17 मुद्दे आम्ही लिहिले होते. आवाज भारदस्त, संदेश आटोपशीर, गायनमंडळाची जाण, घरोघरी जाणारा. तुम्ही चष्मा लावून सगळी यादी मोठ्याने वाचलीत आणि म्हणालात, "हे गृहस्थ नुकतेच निवृत्त झाले ना?" आधी एक जण हसला, मग सगळेच. यादी तिथेच फाटली. पुढच्या बैठकीत पहिल्यांदाच प्रश्न निघाला, की पाळक राहू दे, आपण कोण आहोत आणि आपल्याला काय जमत नाही?

जमत नाही त्यात बरंच निघालं. येणं बंद केलेल्या घरांची नावं नोंदवहीत होती, पण त्यांच्याकडे जायचं काम पाळकांचं, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही ती नावं मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आम्हा पंचांमध्ये वाटून टाकलीत. माझ्या वाट्याला आलेल्या घरी मी दोनदा दारातूनच परतले, तिसऱ्यांदा बसले. ते कुटुंब अजून उपासनेला येत नाही. पण आजारपणात त्यांनी फोन केला तो मला.

सगळ्यात मोठे आभार मात्र तुम्ही राहिला नाहीत याबद्दल. "मी उमेदवार नाही," हे तुम्ही पहिल्या बैठकीतच सांगितलं होतं, तरी आम्ही सहा महिन्यांत तुमच्या मागे लागलो. तुमच्याच नावाचा एक गट पडायला लागला. तेव्हा तुम्ही बायबलमधल्या करिंथच्या मंडळीची गोष्ट काढलीत, तिथे पुढाऱ्यांच्या नावांनी गट पडले होते: कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसचा, कोणी केफाचा म्हणजे पेत्राचा. लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढवणारा देव, असं त्यांना लिहिणारा पौल स्वतः त्या भांडणातलं एक नाव होता, हे मी तोवर कधी लक्षातच घेतलं नव्हतं. तुम्हालाही मोह झाला असेल, नाही का? निदान थोडासा?

नवे पाळक आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका अंत्यविधीच्या क्रमाबद्दल मी सवयीने तुम्हाला फोन लावला. तुम्ही घरच्यांची चौकशी केलीत, त्यांच्यासाठी प्रार्थना केलीत आणि म्हणालात, "क्रमाचं तुमच्या पाळकांना विचारा." फोन ठेवल्यावर मला थोडं लागलं. मग मी त्यांना विचारलं. त्यांनी वेगळाच क्रम सांगितला आणि आम्ही तो केला.

म्हणून या पत्रात तुम्हाला विचारायचं असं काही नाही. नव्या पाळकांनी पुलपिटामागची, म्हणजे उपदेशाच्या मंचामागची, पाळकांची ती मोठी खुर्ची काढून खाली पहिल्या बाकाशेजारी आणून ठेवली आहे. दोन पंच नाराज आहेत. त्यावर आमची बैठक गुरुवारी आहे.

प्रभूमध्ये आपली,
मंडळीची चिटणीस