बंबाचा दिवा चालेल, महिरपीचं टेबल नको

महोदय,
नाशिकच्या भांडीबाजारात तांब्याचे बंब, घंगाळी मोडीत जातात. असा बंब कुणी दिवाणखान्यात दिवा म्हणून उभा केला, तर नाकं मुरडायचं कारण नाही, वितळण्यापेक्षा बरं. घंगाळ्याला भोक न पाडता कुंडी केली, तर उद्या त्यात पुन्हा पाणी तापवून ओतता येईल. पण पाडलेल्या वाड्यांच्या कोरीव सागवानी महिरपी करवतीखाली घालून हॉटेलांची टेबलं करणं खटकतं. कापलेली वेलबुट्टी कोण जोडणार? पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याने १०० वर्षांवरील कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते, महत्त्वाच्या हस्तलिखिताला तर ७५ वर्षंच पुरतात. किती घरमालकांना (आणि बिल्डरांना!) हे ठाऊक असतं? वाडा पाडण्यापूर्वी निदान फोटो आणि मापं तरी काढून ठेवावीत.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक