खांदा की कोपर?

सोलापूर,
दि. 12 डिसेंबर

प्रिय सुहास,
स. न.

तुझ्या बेसबॉल संघातल्या नववीतल्या पिचरचे, म्हणजे बॉल फेकणाऱ्या पोराचे, एक्स-रे पाहिले. दोन्ही हातांचे काढून घेतलेस, फार बरं केलंस. उजव्या कोपराच्या आतल्या उंचवट्यापाशी वाढीची फट, म्हणजे हाड वाढतं ती कूर्चेची जागा, डाव्यापेक्षा रुंद दिसते. तिथे अंगठ्याने हलकं दाबून बघ, पोरगा हात मागे घेईल. या वयात लिगामेंटपेक्षा (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यापेक्षा) ही कूर्चा कच्ची असते, त्यामुळे फेकीचा ताण आधी तिला बसतो. हाडांच्या डॉक्टरांना दाखवच, पण आजपासून त्याचं फेकणं पूर्ण बंद.

'कोपर गेलं म्हणजे पिचर संपला, त्यापेक्षा खांदा दुखलेला परवडला' असं तू म्हणालास. मला नेमकं उलट वाटतं. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी अमेरिकेतला पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरातलं तुटलेलं लिगामेंट त्याच्याच उजव्या हाताची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घालून नव्याने बांधलं. 1975 चा अख्खा हंगाम बुडाला, पण 1976 ला तो परतला आणि 1989 पर्यंत खेळला. त्यानंतरचे 164 विजय त्याच कोपराचे! आज त्या ऑपरेशननंतर बहुतेक पिचर मैदानात परततात, फक्त वर्ष-दीड वर्ष जातं.

खांद्याचं तसं नाही रे. उथळ बशीत लिंबू ठेवावं तसा तो सांधा. कडेची लॅब्रमची गादी, भोवतीची कॅप्सूल म्हणजे सांध्याची पिशवी आणि रोटेटर कफचे चार स्नायू मिळून तो सांभाळायचा. फेकताना दंड सेकंदाला सुमारे 7,000 अंशांच्या वेगाने आत वळतो आणि बॉल सुटल्यावर तो वेग याच स्नायूंना आवरावा लागतो. शिवाय कोपराचं दुखणं बोट ठेवून दाखवता येतं. खांद्यात नेमकं काय बिघडलंय ते एमआरआय बघूनही कधी कधी कळत नाही. पिचर योहान सांताना बघ, साय यंग हा वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार दोनदा मिळवलेला माणूस! 2010 ला खांद्याच्या कॅप्सूलचं ऑपरेशन, 2012 ला 134 बॉल टाकून नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता जिंकलेली मॅच), 2013 ला तीच कॅप्सूल पुन्हा फाटली. पुढे मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल स्पर्धेत, तो दिसलाच नाही.

म्हणून त्याच्या कोपराइतकीच मला खांद्याची काळजी आहे. उताणं झोपवून, दंड काटकोनात ठेवून हात आतल्या बाजूला किती वळतो ते दोन्हीकडे बघ. उजवा बराच कमी वळत असेल तर मागची बाजू आखडली आहे, आणि मग कोपरावरचा भारही वाढतो. दुखणी दोन वाटली तरी हात एकच.

अमेरिकेतल्या नियमावलीत 13-14 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 95 बॉल, आणि 66 किंवा जास्त टाकले की चार दिवस सुट्टी. पिचिंग करून त्याच मॅचला कॅचर (पिचरचा बॉल झेलणारा) म्हणून बसवायचंही नाही. तुमच्याकडे एकच चांगला हात म्हणून सगळं त्याच्याच गळ्यात पडतं, हे मला मान्य नाही. दुसरा पिचर तयार कर, जिल्हास्तर हुकला तरी चालेल.

त्याला घेऊन इकडे ये. सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा (जत्रा) भरायच्या आधीच ये, नंतर होम मैदानाच्या बाजूने गाडी काढणं मुश्कील होतं. त्याने गेल्या महिन्यात कुठल्या दिवशी किती बॉल टाकले ते वहीत लिहून आण, सरावाचेही धरून.

तुझा,
विनायक