जुनी पुस्तके डिजिटल करा, पण ड्रॉइंग मापात ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरच्या इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी (नॅरोगेज) गाडी २०१९ मध्ये थांबली. तेव्हापासून तिचे मॉडेल करायचे माझ्या डोक्यात आहे. त्या रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. मॉडेलवाले १:८७ या प्रमाणाला एचओ म्हणतात. त्यात ते पावणेनऊ मिमीच्या आसपास येते आणि एन गेज या त्याहून लहान मॉडेलचा तयार रूळ असतो ९ मिमीचा. रूळ एनचा घ्यायचा, डबे एचओच्या मापाने बांधायचे, की छोटी लाइन टेबलावर आली. (आपल्या ब्रॉडगेजला हे सुख नाही. १६७६ मिमीला १९ मिमीहून थोडी जास्त रुंदी लागते, बाजारातला एचओ रूळ साडेसोळाचा.)

ही युक्ती माझी नाही. बर्डीच्या फुटपाथवर मिळालेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात ती सापडली. मुखपृष्ठ गायब, आणि घडीचे ड्रॉइंग कोणीतरी फाडून नेलेले. नेमके तेच हवे होते! पुस्तकाची छपाई कधीच बंद झाली आहे. परदेशातून जुनी प्रत मागवावी तर पुस्तकापेक्षा टपाल महाग. मूळ डब्यांची मापे मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात बघता येतील, पण एवढ्याशा डब्याखाली बोगी (चाकांचा सांगाडा) कशी बसवायची हे पुस्तकच सांगते.

अशी पुस्तके प्रकाशकांनी डिजिटल रूपात परत आणावीत. अमेरिकेतल्या ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाने १९३४ पासूनचे आपले जुने अंक तसे उपलब्ध केलेही. मात्र नुसते स्कॅन करून भागत नाही, हे मी पैसे मोजून शिकलो. रीतसर विकत घेतलेल्या एका पीडीएफमधले ड्रॉइंग दुकानातून छापून आणले, कार्डशीट कापली, आणि २१० मिमीचा डबा २०४ चा निघाला. चाके जागेवर बसेनात. दोन दिवस मी स्वतःच्या कात्रीला दोष देत होतो. मग उलगडा झाला. पान अमेरिकन मापाचे, साडेआठ इंच रुंद. आपला ए-फोर त्याहून अरुंद. प्रिंटरने पान ‘बसवून’ घेतले आणि सगळे तीन टक्क्यांनी आक्रसले. ड्रॉइंगखाली दहा सेंटिमीटरची एक पट्टी छापली असती तर फूटपट्टी लावताच चूक कळली असती. रेषाही बारीक असतात. सहाशे डीपीआयच्या (इंचाला सहाशे ठिपक्यांच्या) खाली स्कॅन केल्या तर पुसट होऊ शकतात. आणि फोनच्या पडद्याप्रमाणे मजकूर मागेपुढे करणारे ई-बुक कादंबरीला ठीक आहे, ड्रॉइंगला नाही.

हक्कांची अडचण खरी आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. लेखक १९९० मध्ये गेला असेल तर २०५० संपेपर्यंत थांबा! तोवर वाचक कुठून आणायचे? लेखक हयात नसेल किंवा सापडत नसेल, आणि पुस्तक इथल्या वाचकांना मिळतच नसेल, तर परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय कलम ३१-अ मध्ये आहे. एखाद्या मराठी प्रकाशकाने ती वाट धरून बघावी. अनुवादही करता येईल. फूट-इंचांची मापे तेवढी मिलिमीटरमध्ये द्यावीत.

माझी फाटकी प्रत स्कॅनिंगला द्यायला मी तयार आहे. घडीचे पान मात्र दुसऱ्या कोणीतरी आणावे.

– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, अजनी, नागपूर